आजीची डबी, नातवाचं व्हेप

मागच्या पावसाळ्यात एक एकवीस वर्षांचा मुलगा दवाखान्यात आला. तक्रार साधी होती: छातीत धडधडतं, रात्री झोप लागत नाही. ईसीजी चांगला, थायरॉइड चांगलं. मी चहा-कॉफीबद्दल विचारलं, परीक्षेचं विचारलं. थोडा वेळ गप्प राहून त्याने खिशातून हायलायटर पेनाएवढी एक रंगीत नळी काढली आणि टेबलावर ठेवली. "डॉक्टर, हे सोडायचंय. चार वेळा सोडलं. तिसऱ्या दिवसाच्या पुढे जातच नाही."

त्याची आजी बाहेर बाकावर बसली होती. नातू काहीतरी "इलेक्ट्रिकची सिगारेट" ओढतो हे तिला कळलं होतं आणि ती त्याच्यावर चांगलीच चिडली होती. तिच्या कनवटीला मशेरीची डबी होती.

(दोघांच्या परवानगीने हे लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

त्या दिवशी मी त्या दोघांना जे थोडक्यात सांगितलं, ते इथे जरा सविस्तर सांगतो. कारण ती डबी आणि ती नळी यांच्यात तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जवळचं नातं आहे. आणि ते नातं समजलं, की तिसऱ्या दिवशी माणूस का हरतो हेही समजतं.

पाहुणा समुद्रातून आला

तंबाखू आपला नाही. तो अमेरिका खंडातला. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोचला तेव्हा युरोपच्या माणसाने तो पहिल्यांदा पाहिला. पुढच्या शंभर वर्षांत पोर्तुगीजांच्या जहाजांतून तो हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर आला. आपल्या रेवदंड्याचा किल्ला आठवा. पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये तिथे बांधकाम सुरू केलं आणि १७४० मध्ये मराठ्यांनी तो घेईपर्यंत ते तिथे होते. सव्वादोनशे वर्षांच्या या शेजारातून आपल्याला काजू मिळाला, अननस मिळाला, बटाटा आणि पाव हे शब्द मिळाले. 'तंबाखू' हा शब्दही त्यांचाच. अलिबागहून रोह्याकडे जाताना त्या तटबंदीजवळून गाडी जाते, तेव्हा मला दर वेळी वाटतं की काजूवर थांबला असता हा व्यवहार तर बरं झालं असतं.

'निकोटिन' हे नावही पोर्तुगालमार्गेच आलं. लिस्बनमधला फ्रेंच वकील ज्याँ निको याने १५६० च्या सुमारास तंबाखू औषध म्हणून फ्रान्सच्या दरबारात पाठवला. त्याच्या नावावरून वनस्पतीचं नाव पडलं आणि १८२८ मध्ये जर्मनीत पॉसेल्ट आणि रायमन यांनी त्यातलं मुख्य द्रव्य वेगळं काढलं तेव्हा त्याला निकोटिन म्हटलं गेलं.

औषध म्हणून आला, हे लक्षात ठेवा. दख्खनेतून तो उत्तरेत गेला तोही तसाच. अकबराचा सरदार असद बेग विजापूरच्या आदिलशाही दरबारात गेला होता. तिथे त्याने तंबाखू पाहिला आणि १६०४-०५ च्या सुमारास सुंदर नक्षीच्या नळीसकट तो बादशहापुढे ठेवला. अकबराने दोन-चार झुरके घेतले. दरबारातल्या हकिमाने विरोध केला. आमच्या ग्रंथांत ज्याचं नाव नाही, ज्याची परीक्षा झालेली नाही, ते बादशहाला कसं द्यायचं, असं त्याचं म्हणणं. त्यावर असद बेगने बिनतोड वाटणारा युक्तिवाद केला: प्रत्येक गोष्ट कधीतरी नवीनच असते. अकबराने सवय लावून घेतली नाही, पण दरबाऱ्यांनी लावली आणि व्यापाऱ्यांनी बाजार मांडला. चारशे वर्षांनंतर व्हेपच्या बाजूने मला पोरं हेच ऐकवतात.

पुढची गोष्ट मला जास्त आवडते. जहांगीरने १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली. इराणच्या शाह अब्बासनेही आपल्याकडे मनाई केली होती. आणि नेमका तेव्हा जहांगीरचा वकील म्हणून इराणला गेलेला खान आलम हा असा तंबाखूबाज, की त्याला क्षणभर राहवेना. शेवटी शाह अब्बासने त्याच्यापुरती सवलत दिली. हा किस्सा खुद्द जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात नोंदवला आहे. म्हणजे तंबाखू मुघल दरबारात येऊन एक पिढीही झाली नव्हती, तोवर 'सुटत नाही' असा माणूस नोंदला गेला. हा माणूस दुबळा नव्हता, एका साम्राज्याचा वकील होता. 'मनावर घेतलं की सुटतं' असं घरात ऐकवलं जातं, तेव्हा मी खान आलमची आठवण करून देतो.

चुन्याची करामत

तंबाखू आल्यावर आपल्या किनाऱ्याला तो पचवणं सोपं गेलं, कारण पान-सुपारी आधीच होती. श्रीवर्धनची रोठा सुपारी, चौल-नागावच्या वाड्या, आणि शिंपले भाजून केलेला चुना. तंबाखू यात चौथा भिडू म्हणून शिरला.

आता थोडं रसायनशास्त्र. कंटाळू नका, पुढचा सगळा खेळ यावर आहे. निकोटिन दोन रूपांत असतं. आम्ल वातावरणात ते बांधलेलं असतं, तोंडाच्या त्वचेतून आत जात नाही. अल्कली, म्हणजे क्षार मिळाला की ते मोकळं होतं आणि गालातून सरळ रक्तात उतरतं. चुना हा क्षार. तळहातावर तंबाखूला चुना लावून मळणाऱ्या माणसाला रसायनशास्त्र माहीत नसतं, पण चुना नसेल तर 'लागत नाही' हे पक्कं माहीत असतं. मच्छीमार सांगतात की होडीवर वाऱ्यात विडी पेटत नाही, म्हणून तंबाखू मळायचा. काम तेच.

मशेरी म्हणजे तव्यावर काळा होईपर्यंत भाजलेल्या तंबाखूची पूड. दात दुखतो म्हणून सुरू होते, मग सकाळी पोट साफ व्हायला लागते, मग दुपारी. बायकांच्या बाबतीत याला कोणी व्यसन म्हणतच नाही, 'दात घासणं' म्हणतात. जागतिक पद्धतीने केलेल्या २०१६-१७ च्या तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी ३.८ टक्के धूम्रपान करणारे निघाले, आणि २४.४ टक्के धूर न काढता तंबाखू घेणारे. म्हणजे आपल्याकडचं खरं व्यसन धुराचं नाही, गालाचं आहे.

त्याची किंमत मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाल्यावर लगेच दिसायला लागली. तिथले पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तोंडाच्या कर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा १९४४ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे साठ-सत्तरच्या दशकांत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डॉ. फली मेहता यांच्या गटाने गावोगाव जाऊन हजारो लोकांची तोंडं तपासली, पुणे जिल्ह्यातलीसुद्धा. या गटाचं एक काम तर प्रत्येक डॉक्टरने भिंतीवर लावावं असं आहे. केरळ, आंध्र आणि गुजरातमधल्या एकेका जिल्ह्यात त्यांनी छत्तीस हजारांवर तंबाखू घेणाऱ्यांना दर वर्षी भेटून फक्त सोडायला सांगितलं, समजावलं, फिल्म दाखवल्या. गोळी नाही, यंत्र नाही. अनेकांनी सोडला किंवा कमी केला, आणि ज्यांनी सोडला त्यांच्या तोंडात पांढरे चट्टे नव्याने येण्याचं प्रमाण घटलं. हे निष्कर्ष १९८६ मध्ये आले.

योगायोगाने त्याच वर्षी २९ ऑगस्टला पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. ते प्रामुख्याने गर्दच्या विळख्यातल्या मुलांसाठी होतं. पण व्यसन हा आजार आहे, चारित्र्याचा डाग नाही, आणि उपचारात घरच्यांना घ्यावं लागतं, हे मराठी घरांना समजावण्याचं काम मुक्तांगणने जितकं केलं तितकं आम्हा डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांनी केलं नाही.

पाणबुडीतली युक्ती

आता सोडण्याच्या औषधांकडे येऊ. त्यांची सुरुवातही समुद्रातच झाली.

स्वीडनमध्ये १९६७ साली क्लाएस लुंडग्रेन नावाच्या शरीरशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की पाणबुडीत सिगारेट ओढायला बंदी असल्याने खलाशी तिथे चघळायचा तंबाखू घेतात, आणि त्यावर त्यांचं भागतं. त्याने औषध कंपनीतला आपला मित्र ओवे फर्नो याला पत्र लिहिलं: धूर नको, तंबाखूही नको, फक्त निकोटिन तोंडातून देता येईल का? फर्नो स्वतः भरपूर सिगारेट ओढणारा. त्याने च्युइंग गम तयार केला. सुरुवातीला निकोटिन नीट शोषलं जाईना. मग त्याने गममध्ये क्षार मिसळला. आपल्या चुन्याचंच तत्त्व! तो गम १९७८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये आणि १९८४ मध्ये अमेरिकेत मान्य झाला.

पूर्व युरोपात वेगळी वाट सापडली. लॅबर्नम नावाच्या पिवळ्या फुलांच्या झाडात सायटिसिन नावाचं द्रव्य असतं. मेंदूतल्या ज्या कुलपात निकोटिनची किल्ली बसते, त्यातच ते अर्धवट बसतं: थोडी तलफ भागवतं आणि निकोटिनला जागा देत नाही. बल्गेरियाने १९६४ मध्ये त्याची गोळी बाजारात आणली. त्याच धाग्यावरून पुढे व्हॅरेनिक्लिन तयार झालं, ते २००६ मध्ये आलं. (आपल्या बहाव्याला इंग्रजीत 'इंडियन लॅबर्नम' म्हणतात. ते वेगळं झाड आहे. नावावरून बहाव्याची पानं चघळायला जाऊ नका. आणि खरं लॅबर्नम विषारीच आहे.)

आम्लाची करामत

ई-सिगारेटसुद्धा सोडण्यासाठीच निघाली. होन लिक हा चिनी औषधनिर्माता स्वतः खूप सिगारेट ओढायचा, त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. त्याने २००३ मध्ये निकोटिनची वाफ देणारं यंत्र केलं. ज्याला वीस वर्षांची सिगारेट सुटत नाही अशा माणसाला याचा उपयोग होतो, असे चांगले अभ्यास आहेत, आणि ब्रिटनची आरोग्यसेवा ते मान्यही करते. हे लपवण्यात अर्थ नाही, तुम्ही इंटरनेटवर वाचलेलं असतंच.

पण माझ्यासमोर बसलेल्या मुलाने आयुष्यात सिगारेट ओढली नव्हती. तो काय सोडण्यासाठी व्हेप घेत होता?

इथे पुन्हा चुना आणि आम्ल. सुरुवातीच्या व्हेपमध्ये मोकळं निकोटिन होतं. ते घशाला झोंबतं, ठसका आणतं. म्हणून जास्त घेता येत नसे. अमेरिकेत २०१५ मध्ये जूल नावाचं उपकरण आलं, त्यात निकोटिनला बेन्झोइक आम्लाची जोड दिली होती. यालाच निकोटिन सॉल्ट म्हणतात. चुन्याच्या बरोबर उलट: आम्लाने निकोटिन बांधलं की घशाची झोंब जाते, वाफ गुळगुळीत लागते, आणि भरपूर निकोटिन थेट फुप्फुसात जातं. तिथून मेंदूत पोचायला १० ते २० सेकंद. ठसका हा शरीराचा पहारेकरी होता. त्यालाच झोपवलं, वर आंब्याचा नाहीतर पुदिन्याचा वास लावला. तीन वर्षांत, डिसेंबर २०१८ मध्ये, अमेरिकेच्या सर्जन जनरलना शाळकरी मुलांमधल्या व्हेपिंगला साथ म्हणावं लागलं.

तुमच्या हातातल्या नळीवर '५%' लिहिलं असेल, तर एका मिलिलिटरमध्ये साधारण ५० मिलिग्रॅम निकोटिन आहे. युरोपीय संघाने मर्यादा घातली आहे २० ची. आणि चोरट्या मालावरचा आकडा खरा मानायला काहीच आधार नाही, 'शून्य निकोटिन' लिहिलेल्यावरचा तर नाहीच.

बंदी आणि गप्प राहणं

भारतात १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला: ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात, साठवण सगळं बंद. माझं मत विचाराल तर निर्णय योग्य होता. साथ येण्याआधी दार लावलं. पण आपल्याला गुटख्याचा अनुभव आहे. महाराष्ट्राने २००२ मध्ये गुटखाबंदी केली, २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती टिकली नाही, २०१२ मध्ये पुन्हा केली. मग पानमसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी मिळू लागली, गिऱ्हाईक तोंडात एकत्र करतं. व्हेपही टपरीच्या समोरच्या बरण्यांत नाही, मागच्या खोक्यात असतं. शनिवार-रविवारी किनाऱ्यावर येणाऱ्या गाड्यांतून येतं, कॉलेजच्या हॉस्टेलमधून येतं.

बंदीचा एक परिणाम माझ्या खोलीत दिसतो. सिगारेट ओढणारा सांगतो, व्हेप घेणारा सांगत नाही. त्याला वाटतं आपण गुन्ह्याची कबुली देतोय. त्या मुलाचे ईसीजी, थायरॉइडचे पैसे यातच गेले. मी पोलीस नाही. तपासणीच्या खोलीत सांगितलेलं तिथेच राहतं. तुम्ही सांगा, कुठल्याही डॉक्टरला सांगा.

तिसरा दिवस

निकोटिनचं रक्तातलं प्रमाण साधारण दोन तासांत निम्मं होतं. दिवसभर व्हेप तोंडात असेल तर मेंदूतली कुलपं वाढलेली असतात आणि सगळी एकदम रिकामी होतात. चिडचिड, बेचैनी, भूक, लक्ष न लागणं, झोप मोडणं. हे सगळं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जातं, आणि तीन-चार आठवड्यांत बरंचसं ओसरतं. तो मुलगा चारही वेळा नेमका शिखरावरून मागे फिरला होता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की पलीकडे उतार आहे.

व्हेप सोडण्यावरचे अभ्यास नवे आहेत, पण आता आहेत. अमेरिकेत १८ ते २४ वयाच्या अडीच हजारांवर तरुणांपैकी काहींना मोबाइलवर रोज छोटे संदेश पाठवले. सात महिन्यांनी संदेशवाल्यांत २४.१ टक्के सुटले होते, दुसऱ्या गटात १८.६ टक्के. फरक छोटा वाटेल, पण खर्च जवळजवळ शून्य. व्हॅरेनिक्लिनचा अभ्यास २०२५ मध्ये आला, १६ ते २५ वयोगटात. बारा आठवड्यांनी औषधाच्या गटात ५१ टक्के मुक्त होते, खोट्या गोळीच्या गटात १४ टक्के. चोवीस आठवड्यांनी मात्र २८ आणि ७. म्हणजे औषध काम करतं, आणि थांबवल्यावर निम्मे परतही जातात. दोन्ही गोष्टी खऱ्या. हे औषध डॉक्टरांनी तपासूनच द्यायचं असतं. मळमळ होते, विचित्र स्वप्नं पडतात, मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्रा बदलावी लागते.

त्या मुलाला मी आधी गम दिला, २ मिलिग्रॅमचा. गम वापरण्याची पद्धत चुकते म्हणून बहुतेकांना तो 'लागत नाही'. तो बबलगमसारखा चघळायचा नाही. हळूहळू चावायचा, तिखटसर झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मधे ठेवून द्यायचा, झिणझिण्या गेल्या की परत दोन-चार वेळा चावायचा, असं अर्धा तास. आणि त्याआधी पंधरा मिनिटं व तोंडात असताना चहा, कॉफी, कोला, कोकम सरबत काही नाही. आम्ल आलं की निकोटिन बांधलं जातं आणि गालातून जात नाही. (आता चुना आठवला ना?) आमच्या पठ्ठ्याने पहिले दोन दिवस कोकम सरबताबरोबरच गम घेतला आणि मला फोन करून औषध खोटं आहे म्हणाला.

दुसरं, त्याला १८००-११२-३५६ हा क्रमांक दिला. ही राष्ट्रीय मोफत सेवा २०१६ मध्ये सुरू झाली, आणि २०१८ पासून तंबाखूच्या पुडीवर, सिगारेटच्या पाकिटावर हा क्रमांक छापलेला असतो. व्हेपच्या नळीवर तो नसतो, म्हणून व्हेपवाल्यांना तो ठाऊकच नसतो. तिसरं, तारीख ठरवली ती मित्रांबरोबर काशिदला जायच्या बेतानंतरची. ज्या ठिकाणी हातात नळी हमखास येते, तिथे दुसऱ्या दिवशी जाऊन शौर्य दाखवण्यात काही हशील नाही.

तो पाचव्या आठवड्यात आला तेव्हा बारा दिवस सलग कोरडे गेले होते. मधे एकदा घसरला होता. तारीख बदलून पुन्हा सुरुवात केली, एवढंच.

आजी बरोबर होतीच. नातवाला तपासून झाल्यावर मी म्हटलं, "आजी, आता तुम्ही या, तोंड उघडा बघू." त्या हसल्या, मग उघडलं. डाव्या गालात आत खालच्या हिरडीशी बोटाच्या पेराएवढा पांढरा चट्टा होता, न दुखणारा. तुमच्या घरात कुणी मशेरी लावत असेल तर टॉर्च घेऊन नेमकं तिथेच बघा. चट्टा पुसून जात नसेल, लाल असेल, जखम दोन आठवड्यांत भरत नसेल किंवा तोंड कमी उघडत असेल, तर दातांच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. आजींचा तुकडा तपासायला पाठवला, अहवाल कर्करोगाचा नाही. मशेरी दिवसातून सहा वेळा लागायची ती आता दोनवर आली आहे. डबी नातवाकडे असते. तो हिशेब लिहून ठेवतो, त्याचाही आणि आजीचाही, आणि पुढच्या महिन्यात दोघं एकाच वेळी यायची आहेत.